पाळक व्हायचे नसले तरी: ईश्वरविज्ञानाच्या शिक्षणाविषयी वाचकांचे प्रश्न

मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, सर्वसाधारण सभासदांनी ईश्वरविज्ञानाचा (थिऑलॉजीचा) पद्धतशीर अभ्यास करावा का, आणि करायचा तर कसा, या विषयावर आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रांना या वेळी उत्तरे देत आहे. पत्रांचा सारांश दिला असून पत्रलेखकांची नावे वगळली आहेत.

प्रश्न: सप्रेम सलाम. मी प्राथमिक शाळेत शिक्षिका असून रविवारी मंडळीत संडे स्कूल घेते. मुले असे प्रश्न विचारतात की मला उत्तर देता येत नाही. नोहाच्या जलप्रलयाची गोष्ट सांगितली तेव्हा एका मुलीने विचारले, ‘तारवाबाहेरच्या लहान बाळांनी काय केले होते?’ त्यानंतर ईश्वरविज्ञान नीट शिकावे असे मनाने घेतले आहे. मंडळीतल्या एका ज्येष्ठ वडिलांपाशी (मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पुढाऱ्यांपाशी) विषय काढला, तर ते म्हणाले, ‘तुम्हाला कुठे पाळक व्हायचे आहे? मग सेमिनरीचा (पाळक घडवणाऱ्या विद्यालयाचा) अभ्यास कशाला?’ त्यांचे म्हणणे बरोबर आहे का? (एक वाचक, संगमनेर तालुका)

उत्तर: ताई, त्या वडिलांचा हेतू वाईट नसावा, पण त्यांचे म्हणणे मला मान्य नाही. ही समजूत आपल्याकडे मिशनच्या काळापासून चालत आली आहे. त्या काळी ईश्वरविज्ञानाचे वर्ग मुख्यतः मिशनच्या सेवेत असलेल्यांसाठी, म्हणजे पाळक, प्रचारक आणि बायबल-बाया (घरोघर जाऊन बायबल सांगणाऱ्या स्त्रिया) यांच्यासाठी भरत, आणि बाकीच्या सभासदांनी रविवारचे प्रवचन ऐकावे एवढीच अपेक्षा असे. मिशन गेले, मंडळ्या स्वतंत्र झाल्या, तरी शिकणारे वेगळे आणि ऐकणारे वेगळे ही वाटणी मात्र राहिली.

पवित्र शास्त्रात ही वाटणी सापडत नाही. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या अठराव्या अध्यायात अपुल्लो नावाचा आलेक्सांद्रियाचा विद्वान वक्ता भेटतो. तो शास्त्रात प्रवीण होता, पण त्याचे ज्ञान अपुरे होते, आणि त्याला जवळ घेऊन देवाचा मार्ग अधिक नेमकेपणाने समजावून सांगणारे प्रिस्किल्ला व अक्विला हे पतिपत्नी तंबू शिवून पोट भरणारे होते. पेत्राच्या पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात आशेविषयी विचारणाऱ्या प्रत्येकाला उत्तर देण्यास सिद्ध असा असे सांगितले आहे, आणि ते पत्र निवडक पुढाऱ्यांना लिहिलेले नसून पांगलेल्या सर्व विश्वासणाऱ्यांना लिहिलेले आहे. मार्टिन ल्यूथरने सॅक्सनीतल्या मंडळ्यांची पाहणी केली, तेव्हा लोकांना साध्या दहा आज्ञाही येत नाहीत हे पाहून तो व्यथित झाला आणि १५२९ मध्ये त्याने छोटी प्रश्नोत्तरावली लिहिली, ती घरातल्या कर्त्या माणसाने आपल्या मुलाबाळांना व नोकरांना शिकवावी म्हणून. आपल्या घरचे उदाहरण हवे असेल, तर पंडिता रमाबाई आहेत. त्यांना पाळकपदाची दीक्षा नव्हती. केडगावला मुक्ती मिशनचा एवढा मोठा व्याप सांभाळताना त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि साध्या बायकांना समजेल अशा मराठीत त्यांनी संपूर्ण बायबलचे भाषांतर केले. १९२२ मध्ये त्यांचे निधन झाले आणि १९२४ मध्ये तो ग्रंथ मुक्तीच्याच छापखान्यातून बाहेर पडला.

आता या शिक्षणातून नेमके काय मिळते, ते एका ओळखीच्या वचनावरून सांगतो. आपल्याकडे नव्या वर्षाच्या कॅलेंडरवर, लग्नपत्रिकेवर, दहावी उत्तीर्ण झालेल्या मुलाला दिलेल्या कार्डावर यिर्मया २९:११ हमखास असते: तुमच्याविषयीचे माझे संकल्प हिताचे आहेत, तुम्हाला भविष्य आणि आशा देणारे आहेत, अशा आशयाचे ते वचन. आपण ते एकट्या माणसाला उद्देशून आणि लवकरच काही चांगले घडेल या अर्थाने वाचतो. पण अभ्यासगटात त्याच्या मागची पाने उघडली की चित्र निराळे दिसते. हे वचन एका पत्रातले आहे. इ. स. पू. ५९७ मध्ये नबुखद्नेस्सर राजाने यरुशलेमेतून राजा, दरबारी, कारागीर, लोहार यांना बाबेलला नेले, आणि त्या लोकांना यिर्मयाने मागे राहिलेल्या शहरातून हे पत्र पाठवले. आधीच्याच, म्हणजे अठ्ठाविसाव्या अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा लोकांना सांगतो की दोन वर्षांत सगळे परत येतील. यिर्मया लिहितो की सत्तर वर्षे लागतील. पत्र ऐकणाऱ्या प्रौढांपैकी बहुतेकांच्या हयातीत परत जाणे होणार नाही, असाच त्याचा अर्थ. म्हणून तो त्यांना सांगतो की घरे बांधा आणि त्यांत राहा, मळे लावा, मुलामुलींची लग्ने करा, आणि ज्या शहरात तुम्हाला धरून नेले त्या शहराच्या कल्याणासाठी प्रार्थना करा, कारण त्याच्या कल्याणातच तुमचे कल्याण आहे. एवढे सांगून झाल्यावर, दहाव्या ओवीतल्या सत्तर वर्षांच्या पाठोपाठ, ते अकरावे वचन येते.

हे समजलेली शिक्षिका वर्गातल्या मुलाला, ‘प्रार्थना कर, देव तुला चांगले गुण देईल,’ असे आश्वासन देणार नाही. ज्याचा कारखाना बंद पडला आहे त्याच्या घरी जाऊन ती हे वचन घाईने पुढे करणार नाही, आणि केलेच तर सत्तर वर्षांसकट करील. गाव सोडून पुण्या-मुंबईला कामासाठी गेलेल्या आपल्या माणसांना त्या शहराशी आपले नाते काय, हा प्रश्नही त्या पत्रातून सापडेल. वचन तेच राहते, त्यातली आशाही राहते, आणि ती अधिक काळ टिकते.

नोहाच्या गोष्टीविषयी त्या मुलीने विचारलेल्या प्रश्नाला सेमिनरीतही एका वाक्याचे उत्तर मिळणार नाही. मात्र तो प्रश्न विचारणे हा अविश्वास नाही, नाश होऊ घातलेल्या सदोम शहरासाठी रदबदली करणाऱ्या अब्राहामाने देवाला जवळजवळ हेच विचारले होते (उत्पत्ती १८), आणि ईयोबाने याहून कठोर शब्दांत विचारले होते, हे आपल्याला कळेल. मग आपण त्या मुलीला गप्प बसवणार नाही. माझ्या मते सभासदांच्या शिक्षणाची निकड एवढ्या एका कारणानेही सिद्ध होते. जी मुले दहाव्या वर्षी विचारलेल्या प्रश्नाबद्दल गप्प बसवली जातात, ती विसाव्या वर्षी मंडळीत येईनाशी होतात.

प्रश्न: मी पिंपरीत बँकेत नोकरी करतो. सेमिनरीत राहून शिकणे शक्य नाही. नोकरी सांभाळून कोणता अभ्यासक्रम करता येईल, आणि त्याला मान्यता असते का? मला मोबाइलवर ‘सहा महिन्यांत घरबसल्या डॉक्टरेट’ असेही संदेश येतात. (एक वाचक, पिंपरी)

उत्तर: आधी शेवटच्या मुद्द्याचे सांगतो: त्या संदेशांकडे लक्ष देऊ नका. पैसे भरून मिळणाऱ्या पदव्यांनी आपल्या समाजात ‘डॉक्टर’ पुष्कळ वाढले आहेत, ज्ञान वाढलेले नाही, आणि विश्वासू माणसांच्या कष्टाच्या पैशावर हा व्यवहार चालतो याचे मनापासून दुःख होते. कोणत्याही संस्थेला तीन गोष्टी विचारा: पदवी कोण देते, उत्तरपत्रिका कोण तपासते, आणि ग्रंथालय कुठे आहे. समाधानकारक उत्तर मिळाले नाही तर पुढे जाऊ नका.

आपल्या देशात ईश्वरविज्ञानाच्या पदव्यांसाठी प्रॉटेस्टंट व ऑर्थोडॉक्स मंडळ्यांत सर्वांत जुनी व्यवस्था बंगालमधील सेरामपूर कॉलेजच्या सेनेटची आहे. विल्यम कॅरी, जोशुआ मार्शमन आणि विल्यम वॉर्ड यांनी १८१८ मध्ये हे कॉलेज काढले. त्या वेळी सेरामपूर डेन्मार्कच्या ताब्यात होते, आणि १८२७ मध्ये डेन्मार्कच्या राजाने दिलेल्या सनदेने त्याला पदव्या देण्याचा अधिकार मिळाला. १९१८ च्या कायद्यानुसार सेनेटची रचना झाली आणि आज देशभरातल्या अनेक सेमिनऱ्या तिच्याशी संलग्न आहेत. पुण्यात बिबवेवाडीला असलेली युनियन बिब्लिकल सेमिनरी त्यांपैकीच एक. सेनेटने सेमिनरीत न राहता शिकणाऱ्यांसाठी, त्यांतही मुख्यतः मंडळीच्या सभासदांसाठी, ख्रिस्ती अभ्यासाची पदविका (डिप. सी. एस.) आणि पदवी (बी. सी. एस.) असे बहिःशाल अभ्यासक्रम ठेवले आहेत. आपण पदवीधर आहात, तेव्हा बी. सी. एस. चे माहितीपत्रक मागवून प्रवेशाच्या अटी व परीक्षेची भाषा पाहून घ्यावी.

दुसरी वाट विस्तार-शिक्षणाची आहे आणि नोकरदारांना मी तीच आधी सुचवतो. तिचा उगम मध्य अमेरिकेतल्या ग्वाटेमालात झाला. तिथल्या प्रेस्बिटेरियन सेमिनरीच्या असे लक्षात आले की राजधानीत येऊन शिकलेले तरुण पुन्हा खेड्यातल्या मंडळीत फारसे जात नाहीत, आणि खेड्यांत ज्यांच्या शब्दाला खरा मान आहे ती प्रपंचात पडलेली माणसे शेती आणि मुलेबाळे सोडून सेमिनरीत येऊ शकत नाहीत. तेव्हा १९६३ मध्ये राल्फ विंटर, जेम्स एमरी आणि पुढे रॉस किन्सलर यांनी सेमिनरीच त्या माणसांकडे न्यायचे ठरवले. हाच विचार घेऊन बंगळुरूला १९७१ मध्ये ‘टाफ्टी’ ही संस्था उभी राहिली.

या पद्धतीत विद्यार्थ्याला स्वयंअध्ययनाची पुस्तिका मिळते. रोजचा पाठ घरी वाचायचा, पाठातच मधूनमधून प्रश्न असतात, त्यांची उत्तरे लिहायची, आणि आठवड्यातून एकदा मार्गदर्शकासह गटात बसायचे. त्या बैठकीत मार्गदर्शक पाठ पुन्हा समजावून सांगत बसत नाही, कारण तो सर्वांनी वाचलेला असतो. आठवडाभर कामावर, घरात, मंडळीत जे घडले त्याच्याशी तो पाठ ताडून पाहायचा असतो. बँकेत कर्ज मंजूर करणाऱ्या माणसाने आमोस संदेष्ट्याचा दुसरा अध्याय वाचला, जिथे गरीब माणूस एका जोड्यासाठी विकला जातो आणि गहाण घेतलेली वस्त्रे पसरून लोक वेदीजवळ झोपतात, तर त्याला जे प्रश्न पडतील ते वसतिगृहात राहणाऱ्या विद्यार्थ्याला सुचणार नाहीत. ते प्रश्न मंडळीला हवे आहेत. अमेरिकेतल्या सिवनी येथील विद्यापीठाने १९७५ पासून सभासदांसाठी चालवलेला चार वर्षांचा अभ्यासक्रमही असाच आठवड्याच्या गटावर उभा आहे.

मान्यतेविषयी एवढेच, की बढतीसाठी किंवा नोकरीसाठी या पदव्यांचा उपयोग होईल अशी अपेक्षा ठेवू नये.

प्रश्न: मी यवतमाळ जिल्ह्यात पाळक आहे. माझ्याकडे अनेक गावे आहेत. आमच्या मंडळीतले दोन तरुण इंटरनेटवरचे व्हिडिओ पाहून माझ्या प्रवचनातल्या चुका सर्वांसमोर काढतात. सभासद शिकले की वाद वाढतात आणि मंडळ्या फुटतात, हा माझा अनुभव आहे. आपण याविषयी काय म्हणाल? (एक पाळक)

उत्तर: पाळकसाहेब, आपली काळजी खरी आहे, आणि ज्ञान फुगवते हे पौलाने करिंथकरांना लिहिलेच आहे. पण आपल्या पत्रातच एक गोष्ट दिसते: ते दोन तरुण शिकतच आहेत. त्यांना कोणी शिकवावे, एवढेच ठरायचे राहिले आहे. आज ते काम दूरदेशीचा एखादा वक्ता करतो, ज्याला आपली मंडळी ठाऊक नाही, आपल्या गावातली माणसे ठाऊक नाहीत, आणि ज्याला कोणी उलट प्रश्न विचारू शकत नाही. व्हिडिओ पाहणारा माणूस एकटा असतो आणि त्याला निष्कर्ष तयार मिळतो. वाद यातून निर्माण होतात.

बिरुया शहराच्या लोकांनी पौलाचे बोलणे असेच आहे की काय, हे शास्त्रात दररोज शोधून पाहिले, आणि प्रेषितांची कृत्ये लिहिणारा लूक त्यांना थोर मनाचे म्हणतो. पौलासारख्या प्रेषिताचे बोलणे तपासून पाहिले म्हणून त्याचा मान कमी झाला नाही. तेव्हा त्या दोघांना घेऊनच आठ-दहा जणांचा गट सुरू करावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. कोणी काही मत मांडले तर ते मागच्यापुढच्या ओव्यांसह वाचून दाखवावे, एवढा एकच नियम असावा. आपण गोलात बसावे आणि सर्वांचे बोलून होईपर्यंत उत्तर देऊ नये. पहिले काही आठवडे हे फार जड जाईल, कारण आपल्याकडे पाळकाकडे पाहून बोलण्याची सवय सर्वांनाच आहे. जे माहीत नसेल ते पुढच्या आठवड्यात पाहून सांगतो असे म्हणण्यास संकोच करू नये. पाळकही शोधून पाहतो हे दिसले की तरुणांची धार बोथट होते.

आपल्याकडे अनेक गावे असल्यामुळे महिन्यातल्या बऱ्याच रविवारी उपासना तिथले वडीलच चालवत असणार. म्हणजे उपदेश देण्याचे काम सभासदांवर आधीच पडलेले आहे आणि ते कसल्याही तयारीविना पडले आहे. मेथडिस्ट मंडळीत स्थानिक उपदेशकांची आणि उत्तर भारतीय मंडळीत (चर्च ऑफ नॉर्थ इंडियात) ले रीडरची, म्हणजे उपासना चालवणाऱ्या सभासदांची, परंपरा आहे. मात्र कित्येक ठिकाणी नेमणूक होते आणि शिक्षण राहून जाते. आपल्या जिल्ह्याला तर मोठा वारसा आहे, कारण युनियन बिब्लिकल सेमिनरी १९५३ ते १९८३ अशी तीस वर्षे यवतमाळलाच होती. त्या पिढीतले कोणी शिक्षित सभासद अथवा सेवानिवृत्त पाळक जवळपास असतील, तर त्यांना मार्गदर्शक म्हणून बोलवावे.

प्रश्न: आम्ही वसईचे कॅथलिक. धर्मगुरूंखेरीज प्रापंचिकांनी ईशज्ञानाचा (म्हणजेच ईश्वरविज्ञानाचा) उच्च अभ्यास करण्यास आमच्या चर्चची परवानगी आहे काय? (एक वाचक, वसई)

उत्तर: परवानगीच्याही पुढे जाऊन तो आपला हक्क आहे. १९६२ ते १९६५ या काळात झालेल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने अनेक प्रापंचिकांनी पवित्र विद्यांचे यथायोग्य शिक्षण घ्यावे अशी आशा व्यक्त केली, आणि १९८३ च्या धर्मसंहितेच्या २२९ व्या कलमाने प्रापंचिकांना चर्चच्या विद्यापीठांत व संस्थांत शिकण्याचा आणि तिथल्या पदव्या मिळवण्याचा हक्क स्पष्ट शब्दांत दिला. मे २०२१ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी श्रद्धाशिक्षकाची (कॅटेकिस्टची) सेवा ही प्रापंचिकांसाठी चर्चची अधिकृत सेवा म्हणून स्थापन केली. त्याच वर्षी जानेवारीत उपासनेतल्या शास्त्रवाचक व वेदीसेवक या सेवाही स्त्रियांना खुल्या झाल्या होत्या. पुण्यातील ज्ञानदीप विद्यापीठ, ज्याची सुरुवात १८९३ मध्ये श्रीलंकेतल्या कँडी येथे झाली आणि जे १९५५ मध्ये पुण्यात आले, तिथे सिस्टर आणि प्रापंचिकही शिकतात.

अडचण परवानगीची नसून भाषेची आहे. उच्च अभ्यास बहुतांशी इंग्रजीतून चालतो, आणि वसईत मिस्सा, गायन, घरातली प्रार्थना सगळे मराठीत असताना ईशज्ञान तेवढे इंग्रजीत राहते. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘सुबोध बायबल’ लिहून दाखवून दिले की सखोल अभ्यास आजच्या मराठीत मांडता येतो आणि तो ख्रिस्तेतर वाचकही आवडीने वाचतात. आपण इंग्रजीतून शिकलात, तरी धर्मग्रामात परतल्यावर मराठीत शिकवा आणि लिहा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

प्रश्न: माझे शिक्षण चौथीपर्यंत झाले आहे, वय झाले आहे, डोळ्यांनी नीट दिसत नाही. मंडळीत अभ्यासवर्ग निघाला आहे. माझ्यासारखीने तिथे जावे का? (एक आजी, सोलापूर)

उत्तर: आजी, अवश्य जावे. लक्ष्मीबाई टिळक कधी शाळेत गेल्या नव्हत्या. घरातच धडपडत लिहायला-वाचायला शिकल्या, आणि नारायण वामन टिळकांनी अपुरे ठेवलेले ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य त्यांनीच पूर्ण केले. त्याहून जुनी गोष्ट सांगतो. थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइट धर्मगुरूने १६१६ मध्ये राशोल येथे छापलेले ‘क्रिस्तपुराण’ हे दहा हजारांहून अधिक ओव्यांचे पुराण गोव्यातल्या नव्या ख्रिस्ती लोकांना देवळात वाचून दाखवले जाई. ऐकणाऱ्यांपैकी किती जणांना अक्षरओळख असेल? तरीही उत्पत्तीपासून पुनरुत्थानापर्यंतची सारी कथा, तिच्या अर्थासह, त्यांच्या कानांवरून मनात उतरत होती.

आपल्याला ‘उपासना संगीता’तली टिळकांची कितीतरी पदे पाठ असतील. त्या पदांत देवाला आई म्हटले आहे, ख्रिस्ताला सखा म्हटले आहे, आणि असे म्हणणे शास्त्राला धरून आहे की नाही हा ईश्वरविज्ञानाचाच प्रश्न आहे. वर्गात एक पद म्हणून दाखवा आणि शिकलेल्या मंडळींना त्यावर बोलायला लावा. वर्ग चालवणाऱ्यांनाही माझा निरोप सांगा: निदान पहिला अर्धा तास शास्त्र मोठ्याने वाचावे, सावकाश, एकाने वाचून इतरांनी ऐकावे, आणि सुरुवात मार्कच्या शुभवर्तमानापासून करावी. त्याचे सोळाच अध्याय आहेत. घरी नातवाला मोबाइलवर मराठी बायबलचे ध्वनिमुद्रण लावून द्यायला सांगितले, तर पुढच्या आठवड्याचा अध्याय आपल्याला आधीच ऐकून जाता येईल.